मग वाडगा धुऊन ठेव: झेन कोआन आणि दिसण्या-ऐकण्याच्या कोड्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झेनबद्दल दोन-चार गोष्टी कानावर पडलेला माणूस भेटला की ठरावीक प्रश्न येतातच. एकेकाळी मीही तेच विचारत होतो. मी कुणाचा गुरू नाही, दीक्षाही घेतलेली नाही. बरीच वर्षं ही प्रकरणं वाचतोय आणि त्यातली काही अजून घशात अडकलेली आहेत, एवढ्याच अधिकारावर खालची उत्तरं दिली आहेत.

कोआन म्हणजे नेमकं काय? कोडं का?

शब्द मूळचा कचेरीतला. चिनी ‘कुंग-आन’ म्हणजे न्यायाधीशापुढे आलेलं प्रकरण, पुढच्यांना दाखला म्हणून वापरता येईल असं. आपल्याकडे वकील मंडळी ‘नजीर’ म्हणतात, त्याच्या जवळपासचं. त्याचा जपानी उच्चार को-आन, ‘को’ जरा लांबवून. ‘झेन’ हा शब्द मात्र आपल्याच घरातून गेलेला आहे: ध्यानाचं चीनमध्ये चान झालं आणि चानचं जपानमध्ये झेन.

प्रकरण बहुधा चार-पाच ओळींचं असतं. शिष्य काहीतरी विचारतो, गुरू भलतंच काहीतरी बोलतो किंवा करतो, आणि संपलं. यातली बरीचशी बोलणी थांग राजवटीतल्या (६१८ ते ९०७) गुरूंच्या नावावर आहेत. सोंग काळात ती गोळा झाली आणि त्यांवर टिप्पण्या नि कविता रचल्या गेल्या. दोन संग्रहांची नावं सारखी ऐकू येतात. एक ‘निळ्या कड्याची नोंदवही’, तिच्यात शंभर प्रकरणं. दुसरा वूमेन हुइखाय या गुरूने १२२८ साली जुळवलेला, ४८ प्रकरणांचा. त्याच्या नावाचं भाषांतर ‘दारावाचून दार’ असं करायची रीत आहे, पण मूळ चिनी अक्षर सरहद्दीवरच्या चौकीचं आहे. म्हणून मी त्याला ‘दार नसलेला नाका’ म्हणतो. नाक्यावर अडवतात, झडती घेतात, हा अर्थ त्यात यायला हवा.

आता कोड्याचं. ‘कोकणातून आला भट, धर की आपट’ याचं उत्तर नारळ. ते एकदा कळलं की कोडं संपलं, दुसऱ्यांदा घालण्यात मजा नाही. कोआनचं उत्तर नुसतं कळून भागत नाही, गुरूसमोर बसून ते दाखवावं लागतं. त्यामुळे तेच प्रकरण आठशे वर्षं पुन्हा पुन्हा घातलं जातंय आणि अजून शिळं झालेलं नाही.

एका हाताच्या टाळीचा आवाज कसा असतो?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. त्यात एक चूकही आहे.

हा कोआन हाकुइन एकाकु (१६८६ ते १७६९) या जपानी गुरूचा. फुजी पर्वताच्या पायथ्याशी हारा नावाच्या गावात तो जन्मला आणि पुढे तिथल्याच छोट्या देवळात राहिला. झेनच्या रिंझाई पंथात कोआन एकामागून एक कोणत्या क्रमाने घालायचे, याची आजची घडी बरीचशी त्याच्या परंपरेने बसवलेली आहे. त्याचा प्रश्न असा: दोन हात एकमेकांवर आपटले की आवाज होतो, तर एका हाताचा आवाज कोणता? त्याच्या प्रश्नात ‘एका हाताची टाळी’ नाही, नुसता ‘एका हाताचा आवाज’ आहे. टाळी इंग्रजी भाषांतरात शिरली आणि तिथून आपल्याकडे आली.

मराठी माणसाची इथे दुहेरी पंचाईत होते, कारण ‘एका हाताने टाळी वाजत नाही’ हे आपण बालवाडीपासून ऐकत आलोय. भांडण सोडवायला आलेल्या मावशीने दोघांच्याही पाठीत धपाटा घालताना म्हटलेलं ते वाक्य. त्यामुळे हाकुइनचा प्रश्न ऐकला की आत कुठेतरी ‘वाजत नाही!’ असं उत्तर आधीच तयार असतं. ते उत्तर घेऊन कुणी गुरूकडे गेलं तर तो लगेच बाहेर येईल. वाजतं की नाही, हे हाकुइनने विचारलेलंच नाही. आवाज कोणता, एवढंच विचारलं आहे.

माझ्या सात वर्षांच्या भाचीला मी एकदा हा प्रश्न घातला. तिने हात कानाशी नेला, डोळे मिटले आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. मी विचारलं, “काय झालं?” ती म्हणाली, “थांब ना मामा, ऐकतेय.” माझ्या ओळखीतल्या मोठ्या माणसांनी आजवर जे तारे तोडले आहेत त्यापेक्षा हे बरंच बरं होतं.

पण याची उत्तरं छापलेली आहेत म्हणे?

आहेत. १९१६ साली जपानमध्ये एका निनावी लेखकाने गुरु-शिष्यांमधली गुप्त प्रश्नोत्तरं पुस्तकात छापून टाकली आणि खळबळ उडवली. पुढे १९७५ साली त्यातल्या कोआनच्या भागाचं इंग्रजी भाषांतरही झालं. त्यातलं एका हाताचं उत्तर सांगून टाकतो, सांगितल्याने काही बिघडत नाही: शिष्य नीट ताठ बसतो आणि एक शब्दही न बोलता एक हात गुरूपुढे करतो.

झालं समाधान? नसेलच झालं, आणि गंमत तीच आहे. उत्तर हातात पडलं तरी आपण होतो तिथेच. शिवाय गुरू एवढ्यावर सोडत नाही. हात पुढे आला की पाठोपाठ जोडप्रश्नांची सरबत्ती. कोआनला शोभेल असं जुन्या कवितेतलं एखादं वचन शोधून आणायला सांगतात, तेही चपखल बसावं लागतं. ही भेट एकट्याची, बंद खोलीतली, कधी कधी मिनिटभराचीसुद्धा. गुरूने हातातली छोटी घंटा वाजवली की उठायचं. वाक्य अर्धं राहिलं असलं तरी उठायचं.

पाठांतराची खोड जुनीच आहे. ‘निळ्या कड्याच्या नोंदवही’वर भाष्य लिहिणारा युआनवू आणि त्याचा पट्टशिष्य ताहुइ, दोघेही बाराव्या शतकातले. विद्यार्थी गुरूचं भाष्य घोकून पोपटपंची करू लागलेत, हे पाहून ताहुइने त्या ग्रंथाचे छापायचे लाकडी ठसेच जाळून टाकले, असं परंपरा सांगते. मला हा ताहुइ आवडतो. ग्रंथ मात्र टिकला, आणि त्याबद्दलही माझी तक्रार नाही.

‘जंगलात झाड पडलं आणि ऐकायला कुणीच नसेल, तर आवाज होतो का?’ हा कोआन कोणत्या संग्रहात आहे?

कोणत्याच नाही. हा युरोपीय तत्त्वज्ञानाच्या वळणाचा प्रश्न. बर्कली या आयरिश तत्त्वज्ञाने १७१० सालच्या ग्रंथात, बागेतली झाडं बघणारं कुणी नसताना त्यांच्या असण्याला काय अर्थ उरतो, याचा खल केला होता. धाडकन पडणारं झाड त्याच्या नावावर नंतर चिकटलं. च्वांगझू या प्राचीन चिनी विचारवंताचं फुलपाखरूही (‘मी फुलपाखराचं स्वप्न पाहतोय की फुलपाखरू माझं?’) झेन समजून पुढे पाठवलं जातं. ते ताओ परंपरेतलं आणि चीनमध्ये झेन उगवण्याच्या कितीतरी शतकं आधीचं आहे.

पडलेल्या झाडाचं भांडण मला तरी लवकर मिटण्यातलं वाटतं. आवाज म्हणजे हवेतली कंपनं असं ठरवलंत तर आवाज झाला. आवाज म्हणजे कुणालातरी ऐकू येणं असं ठरवलंत तर नाही झाला. शब्दाचा अर्थ ठरवा आणि घरी जा.

कोआनवाले याच मुलखात वेगळ्या वाटेने शिरतात. ‘नोंदवही’तलं ४६वं प्रकरण पाहा. चिंगचिंग गुरू भिक्षूला विचारतो, “दाराबाहेर कसला आवाज आहे?” भिक्षू म्हणतो, “पावसाच्या थेंबांचा.” गुरू म्हणतो, “माणसं उलटी झालीत. स्वतःला विसरून वस्तूंच्या मागे लागतात.” भिक्षूचं उत्तर चुकलंय कुठे? बाहेर पाऊसच पडत होता की!

हे प्रकरण मला कोकणात मामाच्या घरी जरासं उमगल्यासारखं झालं. कौलं गळत होती म्हणून मामीने माजघरात पातेलं लावलं होतं. दिवे गेलेले. आधी टण्, टण् असा कोरडा आवाज येत होता. तळाला पाणी साचल्यावर त्याचा टप् झाला आणि पुढे डुब्. बाहेर पागोळ्यांची एकसारखी धार. मध्येच लक्षात आलं की ‘गळतंय’ हा शब्द आवाजाच्या आधी हजर असतो, किंवा इतका लगोलग येतो की दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. दोन-तीन थेंब तो शब्द यायच्या आत ऐकू आले असावेत. मग ‘अरे, हे चिंगचिंगचं प्रकरण!’ असं मनात आलं आणि खेळ खलास.

झेंडा हलतो, वारा हलतो की मन हलतं?

‘नाक्या’तलं २९वं प्रकरण. नायक हुइनंग (६३८ ते ७१३), चिनी झेनचा सहावा आद्य गुरू. परंपरा सांगते की तो मोळीविक्या होता, त्याला अक्षरओळख नव्हती, आणि मठात तो तांदूळ कांडायला होता. गुरूची गादी अशा माणसाकडे गेल्यावर जे व्हायचं तेच झालं. त्याला रातोरात पळावं लागलं आणि मग कित्येक वर्षं अज्ञातवास. पुढे ग्वांगझोऊच्या एका देवळात दोन भिक्षू भांडताना त्याला दिसले. एक म्हणे झेंडा हलतोय, दुसरा म्हणे वारा हलतोय. हुइनंग म्हणाला, “झेंडाही नाही, वाराही नाही. तुमची मनं हलतायत.”

इथवर आलेले लोक खूश होतात. ‘शेवटी सगळं मनातच असतं!’ मला वाटतं इथेच खरा नाका लागतो. संग्रह करणारा वूमेन खाली लिहितो: वारा हलत नाही, झेंडा हलत नाही, आणि मनही हलत नाही. त्याच्याही आधी मिआओशिन नावाच्या भिक्षुणीने हेच सुनावल्याची कथा आहे. ती मठाच्या अतिथीगृहाची व्यवस्था पाहायची. उतरायला आलेले सतरा भिक्षू रात्री याच प्रकरणावर वाद घालत बसले होते. तिने बाहेरून ऐकलं आणि सतराही जणांना वारा-झेंडा-मन सगळं काढून घेऊन निरुत्तर केलं. भिक्षू सकाळी पुढच्या प्रवासाला न जाता आल्या वाटेने परतले. सतरा पंडित आणि एक व्यवस्थापकीण, हा हिशेब मला फार आवडतो.

शास्त्राच्या अंगाने विचाराल, तर ‘मन हलतं’ याचा अनुभव लोकलने जाणाऱ्या प्रत्येकाला आहे. आपली गाडी ठाण्याला उभी असते, खिडकीत शेजारची गाडी असते आणि एकदम आपण सुटलो असं वाटतं. अगदी पोटातसुद्धा जाणवतं. मग शेजारच्या गाडीचा शेवटचा डबा सरकून जातो आणि आपण फलाटावर जागच्या जागी. डोळ्यांसमोरचा मोठा भाग एका दिशेने सरकला की मेंदू ‘मीच हललो’ असा निवाडा देऊन टाकतो. पण मिआओशिनच्या वाक्याला या दाखल्याचा उपयोग नाही. ती तर हलणंच काढून घेते.

‘कुत्र्यात बुद्धत्व आहे का?’ यावर गुरू ‘नाही’ म्हणाला, म्हणजे नाहीच ना?

चाओचौ (जपानी उच्चार जोशू) या गुरूचं उत्तर: “वू!” जपानीत “मू”. शब्दाचा अर्थ ‘नाही’च. पण सर्व प्राण्यांत बुद्धत्व आहे हे बौद्ध मुलाला शाळेतल्यासारखं पाठ असतं, मग हे ‘नाही’ कुठून आलं? भर म्हणून दुसऱ्या एका संग्रहात हाच चाओचौ एकाला ‘आहे’ म्हणतो आणि दुसऱ्याला ‘नाही’. या एका शब्दाशी वूमेन सहा वर्षं झगडला. तो बजावतो की या ‘वू’ला ‘नाही’ समजू नका, ‘आहे-नाही’मधलं ‘नाही’ही समजू नका. तापलेला लोखंडी गोळा गिळलाय असं समजा: बाहेर काढता येत नाही, खाली उतरत नाही. याहून जास्त सांगायची माझी पात्रता नाही.

जन्मांधाला दृष्टी आली तर हाताने ओळखीचा चेंडू त्याला नुसता बघून ओळखता येईल?

हे कोआन नव्हे, पण या विषयातलं माझं सर्वांत लाडकं कोडं. डब्लिनच्या विल्यम मॉलिनो याने १६८८ साली जॉन लॉक या तत्त्वज्ञाला ते पत्रातून कळवलं आणि लॉकने १६९४ च्या आवृत्तीत छापलं. गोळा आणि ठोकळा हाताने चाचपून ओळखणाऱ्या आंधळ्याला डोळे आले, तर हात न लावता गोळा कोणता ते सांगता येईल का? मॉलिनो म्हणाला नाही, लॉकही म्हणाला नाही. मॉलिनोच्या बायकोची दृष्टी लग्नानंतर लवकरच गेली होती, हे कळल्यापासून मला तो प्रश्न निव्वळ तात्त्विक वाटेनासा झालाय.

१७२८ साली चेसेल्डन या इंग्रज शल्यविशारदाने मोतीबिंदू काढलेल्या एका मुलाची हकिगत छापली. त्याला सगळ्या वस्तू डोळ्यांना चिकटल्यासारख्या वाटत. घरातलं मांजर कोणतं आणि कुत्रा कोणता, याचा त्याला घोळ व्हायचा. पुन्हा विचारायची लाज वाटली म्हणून त्याने मांजर उचललं, चाचपलं, टक लावून पाहिलं आणि ‘आता पुढच्या वेळी ओळखेन तुला’ असं म्हणून खाली सोडलं.

याचा पद्धतशीर पडताळा भारतात झाला. मेंदूशास्त्रज्ञ पवन सिन्हा यांच्या ‘प्रकाश’ प्रकल्पातून दृष्टी मिळालेल्या ८ ते १७ वर्षं वयाच्या पाच मुलांची शस्त्रक्रियेनंतर ४८ तासांच्या आत चाचणी घेतली. २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जोडायच्या ठोकळ्यांसारखे आकार मुलं हाताने हाताशी आणि डोळ्याने डोळ्याशी बरोबर जुळवत होती, पण हाताने चाचपलेला आकार डोळ्याने ओळखताना जवळजवळ अंदाजपंचे चाललं होतं. म्हणजे मॉलिनो बरोबर. पण पुढे ज्यांची पुन्हा चाचणी घेता आली त्यांच्यात थोड्याच दिवसांत मोठी सुधारणा दिसली. तीन शतकांच्या वादाचा निकाल बराचसा लागला. कोआनच्या बाबतीत असा निकाल लागण्याची सोय नाही, आणि या दोन जातींच्या प्रश्नांची खिचडी करू नये असं मला वाटतं ते यासाठीच.

घरबसल्या करून पाहण्यासारखं काही आहे?

दोन्ही हात समोर ताठ करा, अंगठे वर, एकमेकांना टेकलेले. डावा डोळा मिटा. उजव्या डोळ्याने डाव्या अंगठ्याच्या नखाकडेच बघत राहा आणि उजवा अंगठा त्याच उंचीवर हळूहळू उजवीकडे न्या. वीतभराच्या किंचित अलीकडे उजव्या अंगठ्याचं टोक गायब होईल. डोळ्यातून मज्जातंतू बाहेर पडतो तिथे पडदा रिकामा आहे, मारियोत या फ्रेंच माणसाने सतराव्या शतकात शोधलेला. अंगठा दिसत नाही, याचं मला आता काही वाटत नाही. पण भोकसुद्धा दिसत नाही! तिथे भिंत असते, सलग, रंगासकट.

दुसरं आणखी सोपं. आरशात आधी स्वतःच्या डाव्या डोळ्यात बघा, मग उजव्या. डोळे हलताना दिसले? नाही दिसणार. शेजारी उभ्या माणसाला मात्र स्पष्ट दिसतील. मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यात बघितलं तर चित्र जरा उशिरा येत असल्याने तुम्हालाही दिसतील.

आपल्याकडे रज्जुसर्प आहे, ‘मुंगी उडाली आकाशी’ आहे. हे तेच नव्हे का?

नातं आहे, पण सख्खं म्हणवत नाही. अंधारात दोरीचा साप दिसतो, दिवा आणला की साप कधी नव्हताच हे कळतं. शंकराचार्यांपासून ज्ञानेश्वरांपर्यंत हा दाखला चालत आलाय आणि तो सिद्धान्त पटवण्यासाठी आहे. पटला की दाखल्याचं काम झालं. मुक्ताबाईंच्या नावावरचा सूर्य गिळणाऱ्या मुंगीचा अभंग कोआनच्या जास्त जवळचा, ऐकताक्षणी बुद्धी ठेचकाळते. पण कीर्तनकार उभा राहतो आणि मुंगी म्हणजे अमुक, सूर्य म्हणजे तमुक असा उलगडा करतो. श्रोते माना डोलावतात. वूमेनच्या खोलीत असा उलगडा सुरू केलात तर घंटा वाजेल. कोणती रीत श्रेष्ठ, या वादात मी पडत नाही. मला कीर्तनंही आवडतात.

मांजर कापणं, मुलाचं बोट छाटणं, हे काय आध्यात्मिक आहे?

दोन्ही प्रकरणं ‘नाक्या’त आहेत. नानच्वान गुरूने भांडणाऱ्या भिक्षूंसमोर मांजर उचललं, “कुणी एक शब्द बोला, नाहीतर कापतो,” म्हणाला, आणि कापलं. भाष्यकार त्यातून बरंच काही काढतात. मला ते मांजर दिसत राहतं. दिसू द्यावं, लगेच प्रतीक करून टाकू नये, असं मला वाटतं.

ऑफिसच्या ताणावर याचा उपयोग होतो का?

मला तरी झालेला नाही. ताणासाठी चालायला जा.

शिकायचं असेल तर कुठे?

कोडाईकॅनलजवळ पेरुमलमलई इथे ‘बोधि झेंदो’ हे केंद्र आहे, १९९६ साली सुरू झालेलं. संस्थापक अमा सामी हे जेझुइट पाद्री. जपानच्या यामादा कोउन या गुरूंकडून त्यांना शिकवायची मुभा मिळाली. तमिळ डोंगरावर ख्रिस्ती फादरकडून जपानी पद्धतीचं चिनी ध्यान शिकायचं, आणि शब्द मूळचा संस्कृत! वाचनाला घरी काही हरकत नाही. मन आधीच विस्कटलेलं असेल, झोप उडालेली असेल, तर मात्र दिवसच्या दिवस कोआन घेऊन एकट्याने बसू नका. आधी डॉक्टरकडे जा.

सुरुवात कोणत्या प्रकरणापासून करावी?

सगळे ‘नाक्या’तल्या पहिल्या, म्हणजे कुत्र्याच्या प्रकरणावर उडी मारतात. मी सातवं सुचवेन. नवा आलेला भिक्षू चाओचौला म्हणतो, “मी नुकताच मठात आलोय, मला काही शिकवा.” चाओचौ विचारतो, “पेज घेतलीस का?” “हो, घेतली.” “मग वाडगा धुऊन ठेव.”

मठात सकाळी तांदळाची पेज असे, अगदी आपल्या कोकणात असते तशी. मामाकडे मामी नेमकी हीच दोन वाक्यं याच क्रमाने म्हणायची आणि मी नेमका वाडगा तसाच ठेवून उठायचो, कडेला शितं वाळत. प्रकरणाच्या शेवटी लिहिलंय की त्या भिक्षूला तिथेच काहीतरी उमगलं. काय ते लिहिलेलं नाही. वूमेनची टिप्पणी मात्र खाली आहे: चाओचौने तोंड उघडलं आणि काळीज-पित्ताशय सगळं दाखवून टाकलं, आता या भिक्षूने नीट ऐकलं नसेल तर तो घंटेला रांजण म्हणत फिरेल.